अवयवदान आणि अंतराचा नकाशा

बेंगळुरू शहराच्या दक्षिण भागात बसवनगुडी नावाची जुनी वसाहत आहे. कन्नड भाषेत ‘बसव’ म्हणजे नंदी आणि ‘गुडी’ म्हणजे देऊळ. येथील नंदीच्या प्राचीन मंदिरावरूनच या भागाला हे नाव पडले. कार्तिक महिन्यातील शेवटच्या सोमवारी या देवळापाशी शेंगांची मोठी जत्रा भरते. १८९८ साली बेंगळुरूत प्लेगची साथ आली. जुन्या शहरातील दाट वस्तीत माणसे पटापट दगावू लागली, तेव्हा मोकळ्या हवेच्या, रुंद व सरळ रस्त्यांच्या नव्या वसाहतींकडे लोक वळले. बसवनगुडी ही अशा वसाहतींपैकीच एक होय. माणूस कोठे राहतो यावर त्याचे आरोग्य किती अवलंबून असते, याचा धडा त्या साथीने शहराला दिला.

आज प्लेगची भीती उरलेली नाही. मात्र राहण्याचे ठिकाण आणि आयुष्य यांचा संबंध अजून तुटलेला नाही. अवयव प्रत्यारोपणाच्या क्षेत्रात तर तो फार ठळकपणे दिसतो.

दोन रुग्णांची कल्पना करावी. एक बसवनगुडीत राहतो, तर दुसरा बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका खेड्यात. दोघांचीही यकृते निकामी झाली आहेत, दोघांचा रक्तगट एकच आहे आणि दोघांनीही बेंगळुरूमधील रुग्णालयात नाव नोंदविले आहे. एका रात्री अकरा वाजता रुग्णालयातून निरोप येतो की, यकृत मिळण्याची शक्यता आहे, ताबडतोब निघा. बसवनगुडीतील रुग्ण रिक्षाने निघतो व तासाभरात रुग्णालयात दाखल होतो. खानापूरच्या रुग्णाला आधी बेळगाव गाठावे लागते आणि तेथून पुढे सुमारे पाचशे किलोमीटरचा रस्ता असतो. तो पोहोचेपर्यंत सकाळ उलटून जाते. दात्याच्या शरीरातून काढलेले यकृत साधारणपणे आठ ते बारा तासच उपयोगी राहते. अशा वेळी डॉक्टरांना यादीतील पुढच्या नावाकडे वळावे लागते. यात कोणाचाही दुष्टावा नसतो. नियम दोघांना सारखाच असतो, अंतर मात्र सारखे नसते.

हे अंतर डोळ्यांना दिसावे, मोजता यावे आणि कमी करता यावे, यासाठी नकाशाचा उपयोग होतो.

अवयव कोठून येतात?

भारतात अवयव प्रत्यारोपणाचे नियमन १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार होते. या कायद्याने दात्यांचे दोन प्रकार मानले आहेत. पहिला प्रकार जिवंत दात्याचा. आई, वडील, भाऊ, बहीण, पती, पत्नी असे जवळचे नातेवाईक आपले एक मूत्रपिंड किंवा यकृताचा काही भाग देऊ शकतात. दुसरा प्रकार मेंदूमृत दात्याचा. अपघातात डोक्याला जबर मार बसल्याने किंवा मेंदूत रक्तस्राव झाल्याने मेंदूचे कार्य कायमचे थांबते. परंतु कृत्रिम श्वसनयंत्राच्या साहाय्याने हृदय काही काळ चालू राहते. डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मेंदूमृत्यू घोषित करते. त्यानंतर कुटुंबीयांनी संमती दिल्यास हृदय, फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंडे इत्यादी अवयव गरजू रुग्णांना देता येतात.

२०२३ साली भारतात एकूण १८,३७८ प्रत्यारोपणे झाली. त्यांपैकी १५,४३६ जिवंत दात्यांच्या अवयवांची होती, तर २,९४२ मृत दात्यांच्या. त्या वर्षी मृत दात्यांची संख्या प्रथमच एक हजाराच्या पुढे जाऊन १,०९९ झाली. एकशे चाळीस कोटींच्या देशात ही संख्या किती अल्प आहे, हे सांगावयास नको. स्पेनसारख्या देशात दर दहा लाख लोकसंख्येमागे दरवर्षी सुमारे ४९ मृत दाते असतात. भारतात हे प्रमाण एकाहूनही कमी आहे.

ही तुटपुंजी संख्यादेखील देशभर सारखी वाटली गेलेली नाही. ती कोठे गोळा झाली आहे आणि कोठे मुळीच पोहोचलेली नाही, हा भूगोलाचा प्रश्न आहे.

नकाशा कसा तयार होतो?

रोगाचा शोध घेण्यासाठी नकाशा वापरण्याची प्रथा जुनी आहे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ पसरली, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने प्रत्येक मृत्यूची खूण नकाशावर केली. बहुतेक खुणा ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या एका पंपाभोवती दाटलेल्या दिसल्या. दूषित पाण्यातून रोग पसरतो, या त्याच्या म्हणण्याला या नकाशाने मोठे बळ दिले.

आज हेच काम संगणकाच्या मदतीने होते. त्या पद्धतीला भौगोलिक माहिती प्रणाली असे म्हणतात. एकाच प्रदेशाचे अनेक पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत, तशी तिची रचना असते. पहिल्या थरावर तालुक्यांच्या सीमा व लोकसंख्या असते. दुसऱ्या थरावर प्रत्यारोपण करणारी रुग्णालये, तिसऱ्यावर अतिदक्षता विभाग असलेली रुग्णालये, चौथ्यावर रस्ते, लोहमार्ग व विमानतळ आणि पाचव्यावर प्रतीक्षायादीतील रुग्णांची ठिकाणे दर्शविलेली असतात. हे सारे थर एकत्र पाहिले की, निरनिराळ्या तक्त्यांत विखुरलेली माहिती एका दृष्टिक्षेपात उलगडते.

रुग्णाचे ठिकाण ठरविण्यासाठी पिनकोडचा उपयोग करता येतो. १९७२ पासून देशात वापरात असलेला हा सहा आकडी क्रमांक मुळात टपालाच्या सोयीसाठी निघाला. बसवनगुडीचा पिनकोड ५६०००४ आहे. रुग्णाचे नाव व घराचा पत्ता उघड न करता केवळ पिनकोडावरून तो कोणत्या भागातून आला, हे अभ्यासकाला कळते. मात्र एखाद्या लहान गावात असा रुग्ण एकच असेल, तर नकाशावरील एका ठिपक्यावरूनही त्याची ओळख पटू शकते. म्हणून गावाऐवजी तालुका किंवा जिल्हा हा घटक धरणे योग्य ठरते.

येथे आणखी एक दक्षता घ्यावी लागते. खेड्यातील अपघातग्रस्ताला बेंगळुरूच्या रुग्णालयात आणले आणि तेथे त्याचे अवयवदान झाले, तर त्याची नोंद बेंगळुरूच्या नावावर होते. रुग्णालयाचा पत्ता धरला, तर सारे दाते शहरातीलच वाटतात. घराचा पत्ता धरला, तर खेड्याचे दान दिसू लागते. एकाच माहितीचे दोन नकाशे असे दोन वेगळी चित्रे दाखवू शकतात.

आकडा आणि प्रमाण

नकाशात रंग भरताना कोणता आकडा घ्यावा, हा महत्त्वाचा प्रश्न असतो. २०२३ साली मृत दात्यांची संख्या तेलंगणात २५२, तामिळनाडू व कर्नाटक या दोन्ही राज्यांत प्रत्येकी १७८, महाराष्ट्रात १४८ आणि गुजरातेत १४६ होती. या पाच राज्यांची बेरीज ९०२ होते. म्हणजे देशातील दर पाच मृत दात्यांपैकी चारांहून अधिक दाते या पाच राज्यांतील होते. उत्तर व पूर्व भारताचा विस्तीर्ण प्रदेश अशा नकाशावर जवळजवळ कोरा दिसतो.

परंतु केवळ संख्येवरून महाराष्ट्र आणि तेलंगण यांची तुलना करणे न्याय्य ठरणार नाही. तेलंगणाची लोकसंख्या पावणेचार कोटींच्या आसपास, तर महाराष्ट्राची साडेबारा कोटींच्या आसपास आहे. लोकसंख्येने भागाकार केल्यास दर दहा लाखांमागे तेलंगणात साडेसहाहून अधिक, कर्नाटकात सुमारे अडीच आणि महाराष्ट्रात एकाहून किंचित अधिक दाते होते, असे दिसते. संख्येच्या नकाशावर गडद दिसणारा महाराष्ट्र प्रमाणाच्या नकाशावर फिकट होतो. आकडे खरे असूनही चित्र फसवे असू शकते, हे ध्यानात ठेवूनच नकाशा वाचावा लागतो.

याहून मोठा गैरसमज दुसराच आहे. ज्या जिल्ह्यातून एकही दाता मिळाला नाही, तेथील माणसे उदार नाहीत, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. अवयवदान होण्यासाठी मात्र केवळ उदार मन पुरत नाही. मेंदूमृत झालेला रुग्ण कृत्रिम श्वसनयंत्रावर असावा लागतो. मेंदूमृत्यू घोषित करणारे तज्ज्ञ डॉक्टर तेथे असावे लागतात. कुटुंबीयांशी धीराने बोलणारा समन्वयक असावा लागतो आणि अवयव काढण्यासाठी सुसज्ज शस्त्रक्रियागृह लागते. यांपैकी एक कडी जरी निखळली, तरी दान घडत नाही. तालुक्याच्या गावी महामार्गावर अपघात होतो, रुग्णाला जवळच्या लहान दवाखान्यात नेतात आणि तेथेच सारे संपते. त्याच्या आप्तांना अवयवदानाविषयी कोणी विचारीतही नाही. नकाशावरील कोरी जागा बहुधा सोयींचा अभाव दाखविते. माणसांच्या मनाचा थांग तिच्यावरून लागत नाही.

किलोमीटर की तास?

नकाशावर फूटपट्टी ठेवून मोजलेले अंतर आणि प्रत्यक्ष प्रवासाला लागणारा वेळ यांत फरक असतो. अवयवांच्या बाबतीत वेळच निर्णायक ठरतो. शरीराबाहेर काढलेले हृदय सुमारे चार तास, फुप्फुसे चार ते सहा तास, यकृत आठ ते बारा तास, तर मूत्रपिंडे चोवीस ते छत्तीस तास उपयोगी राहतात. म्हणून अभ्यासक रुग्णालयाभोवती किलोमीटरची वर्तुळे काढण्याऐवजी सारख्या वेळात पोहोचता येणारी ठिकाणे जोडणाऱ्या रेषा काढतात. या रेषा वर्तुळाकार नसतात. महामार्गाच्या दिशेने त्या लांब पसरतात; घाट, जंगल किंवा पूल नसलेली नदी आली की आत वळतात.

बसवनगुडीच्या मेट्रो नकाशाकडे पाहिल्यास हा मुद्दा स्पष्ट होतो. तेथील नॅशनल कॉलेज स्थानकापासून पुढचेच स्थानक कृष्णराजेंद्र मार्केटचे आहे आणि त्याच्या जवळच व्हिक्टोरिया हे सरकारी रुग्णालय आहे. मूत्रपिंडाच्या विकारांवर उपचार करणारी इन्स्टिट्यूट ऑफ नेफ्रो-युरॉलॉजी ही सरकारी संस्थाही त्याच परिसरात आहे. बसवनगुडीच्या रहिवाशाला तेथे जाण्यास काही मिनिटे पुरतात.

वाहतुकीची सोय झाली की, अवयवाचा प्रवासही सुकर होतो. सप्टेंबर २०१४ मध्ये बेंगळुरूतील एका मेंदूमृत स्त्रीचे हृदय विमानाने चेन्नईला नेऊन तेथील रुग्णावर प्रत्यारोपण करण्यात आले. रुग्णालय ते विमानतळ हा रस्ता पोलिसांनी त्या वेळी मोकळा ठेवला होता. अशा मोकळ्या मार्गास ‘ग्रीन कॉरिडॉर’ म्हणतात. १ ऑगस्ट २०२५ रोजी बेंगळुरूच्या मेट्रोतून प्रथमच एक यकृत नेण्यात आले. व्हाइटफील्ड ते राजराजेश्वरीनगर हे सुमारे ३१ किलोमीटरचे अंतर मेट्रोने ५५ मिनिटांत कापले. वाहनांच्या गर्दीने भरलेल्या शहरात ही गोष्ट लहान नाही.

तथापि, अवयवासाठी मार्ग मोकळा करता येतो, तसा तो रुग्णासाठी होत नाही. १० ऑगस्ट २०२५ रोजी बेंगळुरू आणि बेळगाव यांच्यामध्ये वंदे भारत गाडी सुरू झाली. ही वेगवान गाडीदेखील सुमारे साडेआठ तास घेते आणि मध्यरात्री निरोप आलेल्या रुग्णाच्या वेळेला ती धावत नाही.

प्रत्यारोपण झाल्यावरही अंतर पाठ सोडीत नाही. शरीराने नवा अवयव नाकारू नये, यासाठी जन्मभर औषधे घ्यावी लागतात. सुरुवातीचे काही महिने तपासणीसाठी वारंवार यावे लागते. शहरातील रुग्ण सकाळी जाऊन दुपारी घरी परततो. दूरच्या रुग्णाला रुग्णालयाजवळ भाड्याची खोली घ्यावी लागते. सोबतच्या माणसाची मजुरी बुडते आणि घरची शेती दुसऱ्याच्या हवाली होते.

सीमारेषांचा प्रश्न

अवयवांचे वाटप कोणी करावे, याचीही भौगोलिक चौकट ठरलेली आहे. देशपातळीवर दिल्लीची राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटना आहे. कर्नाटकात ‘जीवसार्थकते’ ही संस्था हे काम पाहते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशा चार विभागीय समन्वय समित्या आहेत. मिळालेला अवयव साधारणतः प्रथम त्याच विभागात, मग राज्यात आणि नंतर राज्याबाहेर दिला जातो. जवळचा रुग्ण आधी, हे तत्त्व त्यामागे आहे. अवयव वाया जाऊ नये, या दृष्टीने ते योग्यही आहे.

तरीही रेषा कागदावरची असते आणि माणूस जमिनीवर राहतो. बेळगावहून बेंगळुरू पाचशे किलोमीटरवर आहे, तर पुणे साडेतीनशेच्या आत आणि कोल्हापूर सव्वाशेच्याही आत. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या सिरोंच्याचा विभाग नागपूरचा. पण गोदावरी ओलांडली की तेलंगण लागते आणि हैदराबाद नागपूरपेक्षा जवळ पडते. दर दहा लाखांमागे सर्वाधिक दाते मिळविणारे राज्य नदीपलीकडे, आणि रुग्णाचे नाव मात्र अलीकडच्या यादीत, अशी ही स्थिती.

काही राज्यांत पूर्वी नावनोंदणीसाठी रहिवासाचा दाखला मागितला जात असे. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने ही अट काढून टाकण्याचे ठरविले. नोंदणीसाठी असलेली ६५ वर्षांची वयोमर्यादा रद्द केली आणि नोंदणीशुल्क घेऊ नये, असेही राज्यांना सांगितले. रुग्णाला आता कोणत्याही राज्यात नाव नोंदविता येते. सीमाभागातील माणसाच्या दृष्टीने या निर्णयाचे मोल मोठे आहे.

सीमारेषांच्या या प्रश्नाला अमेरिकेलाही तोंड द्यावे लागले. तेथे देशाचे ५८ सेवाक्षेत्रांत विभाजन केलेले होते आणि अवयव प्रथम त्या त्या क्षेत्रातच दिला जाई. काही क्षेत्रांत रुग्णाला लवकर यकृत मिळे, तर कॅलिफोर्निया व न्यूयॉर्कसारख्या भागांत तो मरणाच्या दारी पोहोचेपर्यंत वाट पाहावी लागे. कॅलिफोर्नियात राहणारे उद्योजक स्टीव्ह जॉब्स यांच्यावर २००९ साली टेनेसी राज्यातील मेम्फिस येथे यकृत प्रत्यारोपण झाले. ज्याला विमानाने हवे तेव्हा दुसऱ्या राज्यात पोहोचता येते, त्याला दूरच्या यादीतही नाव ठेवता येते. सामान्य माणसाला ते शक्य नसते. नकाशे व गणिती प्रतिमाने यांच्या आधारे पुष्कळ वाद झाल्यानंतर २०२० साली यकृतासाठी आणि २०२१ साली मूत्रपिंडासाठी जुन्या सीमा बाजूला सारण्यात आल्या. दात्याच्या रुग्णालयाभोवती ठरावीक अंतराचे वर्तुळ काढून वाटप होऊ लागले. त्यावर, खेड्यांतील अवयव आता महानगरांकडे जातील, अशी तक्रार काही राज्यांनी केली. एक रेषा पुसून दुसरी काढल्याने सारी विषमता मिटत नाही, हा या अनुभवाचा बोध होय.

नकाशा जे दाखवीत नाही

एकाच गल्लीतील दोन घरांचे रुग्णालयापासूनचे अंतर सारखेच असते. तरीही एका घरातील रुग्णाला उपचार मिळतो आणि दुसऱ्याला मिळत नाही, असे घडते. बसवनगुडीतील एखाद्या घरमालकाला जे साधते, ते त्याच घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला साधेलच असे नाही. सरकारी योजनांचा आधार काही प्रमाणात मिळतो. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा समावेश आहे. तथापि योजनेची माहिती असणे, कागदपत्रे जमविणे आणि कामावरची रजा मिळणे, या गोष्टी नकाशावर उमटत नाहीत.

स्त्री-पुरुष भेदही असाच लपून राहतो. १९९५ ते २०२१ या काळातील ३६,६४० प्रत्यारोपणांच्या नोंदींत अवयव मिळालेल्या स्त्रिया केवळ ६,९४५ होत्या. जिवंत दात्यांमध्ये मात्र स्त्रियांचेच प्रमाण अधिक असते. देणारी आई, पत्नी किंवा बहीण आणि घेणारा बहुधा पुरुष, हे चित्र घराच्या उंबरठ्याच्या आत तयार होते. तेथवर नकाशाची नजर जात नाही. विषमता कोठे आहे, हे नकाशा दाखवितो. ती का आहे, हे माणसांनाच विचारावे लागते.

नकाशानंतरचे काम

नकाशा काढून भिंतीवर लावल्याने कोणाचा जीव वाचत नाही. त्यावरून पुढचे पाऊल ठरवावे लागते. २०११ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रत्यारोपण न करणाऱ्या रुग्णालयांनाही केवळ अवयव काढून देण्यासाठी नोंदणी करण्याची मुभा मिळाली. अशी केंद्रे कोणत्या जिल्ह्यांत उघडावीत, प्रशिक्षित समन्वयक कोठे नेमावेत, रुग्णांसाठी निवासाची सोय कोठे करावी, दूरच्या रुग्णाची नियमित तपासणी त्याच्या जिल्ह्याच्या रुग्णालयात होऊ शकेल काय, या प्रश्नांची उत्तरे नकाशावरील कोऱ्या जागा देतात.

सामान्य नागरिकाचाही यात वाटा आहे. दरवर्षी ३ ऑगस्ट हा दिवस भारतीय अवयवदान दिन म्हणून पाळला जातो. १९९४ साली याच दिवशी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत देशातील पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण झाले होते. अवयवदानाची प्रतिज्ञा नोंदविणे सोपे आहे. पण ती घरच्यांना सांगून ठेवणे अधिक महत्त्वाचे आहे. कारण दुःखाच्या त्या घडीला संमती घरच्यांनाच द्यावयाची असते.

खानापूरच्या खेड्यातील रुग्ण आणि बसवनगुडीतील रुग्ण यांच्यातील पाचशे किलोमीटर कोणी पुसून टाकू शकत नाही. मात्र त्या पाचशे किलोमीटरच्या वाटेवर एखादे सुसज्ज जिल्हा रुग्णालय, एखादा जाणकार समन्वयक आणि वेळेवर मिळणारे वाहन उभे करता येते. तसे झाले, तर मध्यरात्री आलेला निरोप ऐकून त्या खेड्यातील माणूसही आशेने घराबाहेर पडेल आणि वेळेत पोहोचेल.